मन आजारी, पगार बंद

पाय मोडलेल्या माणसाला 'कामावर का येत नाहीस?' असे कोणी विचारत नाही. प्लास्टर डोळ्यांना दिसते, क्ष-किरणाचा फोटो फाइलला लावता येतो, हाड किती आठवड्यांत सांधेल ते डॉक्टर सांगतात. साहेबही 'सावकाश या, घाई नाही' म्हणतात. त्याच कचेरीत दोन टेबले पलीकडे बसणारा दुसरा एक माणूस चार-चार रात्री झोपलेला नसतो. दोन ओळींचे पत्र लिहायला त्याला अर्धा दिवस लागतो, फोन वाजला की छातीत धडधडते आणि सकाळी अंघोळ करून घराबाहेर पडणेही जिवावर येते. त्याच्याकडे दाखवण्यासारखे काही नसते. त्याच्याविषयी आधी कुजबुज सुरू होते, मग मेमो येतो, मग कारणे दाखवा नोटीस. शेवटी घरचेच कोणीतरी शहाणपण सुचवते, 'चारचौघांत शोभा होण्यापेक्षा राजीनामा देऊन मोकळा हो.' तो राजीनामा देतो. आणि आजारपणात हाताशी येऊ शकले असते असे बहुतेक सगळे आधार त्या एका कागदासरशी स्वतःच्या सहीने सोडून देतो.

मानसिक आजाराविषयी आपल्याकडे आता पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलले जाते. वर्तमानपत्रांत डॉक्टरांची सदरे येतात, महाविद्यालयांतून व्याख्याने होतात. २००४ साली 'देवराई' चित्रपट आला, तेव्हा स्किझोफ्रेनिया हा अवघड शब्द अनेक मराठी घरांनी प्रथमच उच्चारला. परंतु ही सारी चर्चा दोन सल्ल्यांभोवती फिरते, लाज सोडा आणि उपचार घ्या. दोन्ही सल्ले योग्यच आहेत. तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी काढत नाही. कमावता माणूस वर्ष-दोन वर्षे कामावर जाऊ शकला नाही, तर घर कशावर चालायचे?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण मानसिक आजार मुख्यतः वार करतो तो कमाईवर. कर्करोग किंवा हृदयविकार झाला तर रुग्णालयाचे बिल लाखांत जाते आणि त्यासाठी विमा असतो. नैराश्य, बायपोलर विकार किंवा स्किझोफ्रेनिया यांत रुग्णालयात राहावे लागतेच असे नाही. बहुतेकांचे उपचार बाह्यरुग्ण विभागातच चालतात. महिन्याकाठी डॉक्टरांची भेट आणि गोळ्यांची चिठ्ठी. खर्चाचा आकडा त्या मानाने लहान दिसतो. बुडतो तो पगार. त्यातही स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर विकार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात. म्हणजे ज्याची तीस-तीस वर्षांची कमाई पुढे उभी आहे, अशालाच हा आजार गाठतो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्यांतील या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे तिच्यात आढळले. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. जिथे उपचार नाहीत तिथे केसपेपर नाही आणि केसपेपर नाही तिथे भरपाईचा दावाही उभा राहत नाही.

बिलापुरता कायदा

याचा अर्थ कायद्याने काहीच केले नाही असा नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमात एक महत्त्वाचे वाक्य आहे. शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी ज्या पायावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच पायावर मानसिक आजारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने तो दिला पाहिजे, असा त्याचा आशय. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे परिपत्रक पाठवले. तरीही टाळाटाळ चालूच राहिली. एका सार्वजनिक विमा कंपनीने मानसिक आजारासाठी पन्नास हजारांची मर्यादा पुढे करून एका विमाधारक महिलेचा दावा अडवला, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने मनाच्या व शरीराच्या आजारांत असा भेद करता येणार नाही असे बजावून तिला रक्कम देण्याचा आदेश दिला. त्यानंतरही ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढावे लागले आणि महिनाअखेरपर्यंत सर्व पॉलिसी कायद्याशी जुळवून घ्या, अशी मुदत द्यावी लागली. कायदा अमलात आल्यापासून चार वर्षे उलटून गेली होती.

ही लढाई महत्त्वाची होती, परंतु ती रुग्णालयाच्या बिलापुरती होती. कायद्यातले शब्द 'उपचारासाठी वैद्यकीय विमा' असे आहेत. बुडालेल्या पगाराबद्दल त्यात अवाक्षर नाही. शिवाय आपल्याकडची नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देते. जो रुग्ण दाखल न होता वर्षभर घरात अंथरुणाला खिळून असतो, त्याच्या हाती तिच्यातून फारसे काही पडत नाही.

मग अपंगत्वाचा विमा? त्याचीही कथा पाहण्यासारखी आहे. २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेत खाते असणाऱ्या कोट्यवधी लोकांना ठाऊक आहे. वर्षाला २० रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख रुपये. तिथे अपंगत्वाची व्याख्या दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय अशा अवयवांत केलेली आहे. खासगी कंपन्यांच्या वैयक्तिक अपघात पॉलिसींचाही साचा हाच. गंभीर आजारांवर एकरकमी पैसे देणाऱ्या पॉलिसींच्या याद्यांत हृदयविकार, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात ही नावे असतात. स्किझोफ्रेनियाचे नाव शोधून सापडायचे नाही. विम्याच्या व्यवहारात शरीराच्या प्रत्येक भागाला किंमत ठरलेली आहे. मनाच्या नावापुढची जागा कोरी आहे.

अमेरिकेतले चोवीस महिने

पगाराचा विमा ही कल्पना जिथे चांगली रुळली आहे, त्या अमेरिकेत काय घडते ते पाहणे उपयोगाचे आहे. आपल्याकडची हजारो मुले-मुली तिथल्या कंपन्यांत नोकरीला आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या नोकरीच्या कागदांत 'दीर्घकालीन अपंगत्व विमा' ही ओळ असते. ती ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. साधारण रचना अशी असते: आजारपणाचे पहिले तीन किंवा सहा महिने प्रतीक्षेचे, त्यानंतर पगाराच्या साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम दरमहा. पहिली दोन वर्षे प्रश्न एवढाच, की तुम्ही तुमचे नेहमीचे काम करू शकता काय? दोन वर्षांनंतर प्रश्न बदलतो. तुमचे शिक्षण व अनुभव पाहता कोणतेही काम करू शकता काय, असे विचारले जाते. त्या परीक्षेत जो उतरतो, त्याला निवृत्तीच्या वयापर्यंत पैसे मिळू शकतात.

हे झाले शरीराच्या आजाराचे. आजार मनाचा असेल, तर बहुतेक सामूहिक पॉलिसींत एक वेगळे कलम असते. 'मानसिक किंवा चेतासंस्थेशी निगडित' विकारांसाठी रक्कम फक्त चोवीस महिने मिळेल. काही पॉलिसी स्किझोफ्रेनियासारख्या एखाद-दुसऱ्या विकाराला यातून सूट देतात. पुष्कळशा तेवढेही करत नाहीत. पंचविसाव्या महिन्यात रुग्ण बरा झालेला असो वा नसो, धनादेश यायचा थांबतो. अपंगांशी भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा तिथे १९९० मध्ये झाला, तेव्हा या कलमालाही आव्हान दिले गेले. पण नव्वदच्या दशकातच तिथल्या अपील न्यायालयांनी कौल दिला की, वेगवेगळ्या अपंगत्वांना वेगवेगळी मुदत देणे हा त्या कायद्याचा भंग नव्हे. २००८ साली मानसिक आणि शारीरिक आजारांना समान वागणूक देणारा कायदा आला. तोही उपचारांच्या विम्यापुरताच. पगाराचा विमा त्याच्या कक्षेबाहेर राहिला. श्रीमंत अमेरिकेत आणि आपल्याकडे कायद्याची धाव नेमकी एकाच कुंपणापाशी थांबली आहे.

दावा सांगण्याची पद्धतही तिथे सोपी नाही. नोकरीतून मिळणाऱ्या अशा विम्याला १९७४ चा एक केंद्रीय कायदा लागू होतो. दावा फेटाळला तर आधी कंपनीकडेच अपील करायचे, त्यासाठी १८० दिवस मिळतात. पुढे न्यायालयात गेल्यावर न्यायाधीश बहुतेक प्रकरणांत कंपनीच्या फाइलमध्ये असलेले कागदच पाहतात. नवा पुरावा, नवा साक्षीदार सहसा चालत नाही. म्हणजे ज्याला साधे पाकीट फोडायचे बळ उरलेले नाही, त्याने सहा महिन्यांच्या आत आपल्या आजाराची संपूर्ण कैफियत कागदोपत्री उभी करायची. याच्या तुलनेत तिथल्या सरकारची सामाजिक सुरक्षा अपंगत्व योजना अधिक न्याय्य म्हणावी लागेल. १९५६ पासून चालत आलेल्या या योजनेची अट कडक आहे; आजार किमान बारा महिने टिकणारा आणि कमाई थांबवणारा हवा. परंतु त्या अटीत मन आणि शरीर असा भेद नाही आणि चोवीस महिन्यांची कात्रीही नाही.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की मनाच्या आजाराचा फोटो काढता येत नाही. रुग्ण सांगतो तेच खरे मानायचे ठरवले, तर खोट्या दाव्यांना ऊत येईल आणि हप्ता सर्वांनाच महाग पडेल. यात तथ्य नाही असे नाही. पण कंबरदुखीचा तरी फोटो कुठे निघतो? मानसिक आजाराच्याही खुणा कागदावर उमटतात. गैरहजेरीचा आलेख असतो, कामातल्या चुकांची नोंद असते, बदललेल्या औषधांची चिठ्ठी असते, रुग्णालयातून घरी सोडतानाचे पत्र असते, दर महिन्याचे डॉक्टरांचे निरीक्षण असते. खोटे दावे पकडायचे असतील तर हे कागद नीट वाचावे लागतात. त्यासाठी लागणारे कष्ट वाचवण्याचा सोपा मार्ग म्हणून सगळ्यांनाच सरसकट चोवीस महिन्यांत कापून टाकायचे, याला हिशेब म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

आपल्याकडची तीन दारे

आता आपल्याकडे वळू. पगाराचा विमा खासगी बाजारात मिळत नसला, तरी भारतात काहीच नाही असे समजू नये. किमान तीन दारे आहेत. त्यांवर मानसिक आजाराची पाटी ठळक लावलेली नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत एवढेच.

पहिले दार कामगार राज्य विमा योजनेचे. गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांना ई.एस.आय. म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. २०१७ पासून तिची पगारमर्यादा दरमहा २१,००० रुपये झाली आणि दुकाने, रुग्णालये, शाळा, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्था अशा ठिकाणचे पुष्कळ कर्मचारी तिच्यात आले. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत असते. त्यापुढची गोष्ट क्वचितच कोणाला ठाऊक असते. चौतीस दीर्घ आजारांच्या एका यादीसाठी 'विस्तारित आजारपण लाभ' आहे; त्यात ८० टक्के वेतन, एकूण दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. क्षय, कुष्ठरोग, कर्करोग यांच्या त्या यादीत मनोविकारही आहेत. स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्याचा एक प्रकार, उन्माद-अवसाद म्हणजे आजच्या भाषेत बायपोलर विकार आणि स्मृतिभ्रंश यांचा त्यात समावेश आहे. दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी एवढ्या त्याच्या अटी. हा लाभ मागायला कोणी गेलेच नाही, तर तो कागदावरच राहणार.

दुसरे दार भविष्य निर्वाह निधीचे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत अपंगत्वाच्या पेन्शनची तरतूद आहे. नोकरीत असताना कायमचे व संपूर्ण अपंगत्व आले, तर दहा वर्षांच्या सेवेची अट तिथे लागत नाही. एका महिन्याची वर्गणी पुरते. अपंगत्व कामावरच्या अपघातानेच आले पाहिजे, असेही बंधन नाही. व्याख्येत हातापायांचा उल्लेख नसून, माणूस जे काम करू शकत होता त्या सर्व कामांस असमर्थ झाला आहे काय, एवढाच प्रश्न आहे. त्यामुळे मनाचा आजार तिथे आपोआप बाद होत नाही. पेन्शनची रक्कम तुटपुंजी असते, हे खरे; पण ती हक्काची असते.

तिसरे दार सरकारी नोकरांसाठी आहे आणि ते सर्वांत भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे विसावे कलम सांगते की, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही, त्याची पदावनतीही करू शकत नाही. तो जुने काम करू शकत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीवर दुसरे काम द्यावे. तसे पद नसेल, तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. कायद्याच्या परिशिष्टात मानसिक आजाराचा स्पष्ट समावेश आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वाला आणखी बळ दिले. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावर गैरवर्तनाची खातेनिहाय चौकशी सुरू होती. तो २००९ पासून मानसिक आजाराशी झुंजत होता आणि त्याचे अपंगत्व ४० ते ७० टक्के असल्याचे सरकारी रुग्णालयाने प्रमाणित केले होते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यांच्या पीठाने ती कारवाई रद्द केली. ज्या वर्तनाला शिस्तभंग म्हटले जाते, त्यामागे आजार असू शकतो आणि अशा माणसाला शिक्षेच्या रांगेत उभे करणे हाच भेदभाव होतो, हे त्या निकालाचे सार आहे. त्या अधिकाऱ्याला शस्त्र हाताळावे लागणार नाही असे काम, पूर्वीच्याच वेतनावर देण्याचा मार्ग न्यायालयाने खुला केला.

राजीनामा हा उपाय नव्हे

या तीन दारांची चौकट एकच आहे. तिन्ही उघडतात ती माणूस नोकरीत असताना, किंवा आजार नोकरीत असतानाच सुरू झाला हे कागदोपत्री सिद्ध करता आले तर. आणि आपल्या कुटुंबांची पहिली धडपड नेमकी हाच पुरावा पुसून टाकण्याची असते. मुलीचे लग्न जमायचे आहे, सोसायटीत बोभाटा नको, साहेबाला कळता कामा नये. म्हणून रजेच्या अर्जावर 'कावीळ' किंवा 'विषमज्वर' असे लिहिले जाते. ओळखीच्या डॉक्टरकडून तसा दाखला आणला जातो. मनोविकारतज्ज्ञाची फाइल कपाटाच्या तळाशी दडपली जाते, कधी जाळूनही टाकली जाते. वर्षभराने परिस्थिती हाताबाहेर गेली, की राजीनामा. पुढे कोणी सांगितले म्हणून दावा करायला जावे, तर कंपनीच्या दप्तरी नोंद असते ती दोनदा कावीळ झाल्याची.

या लपवालपवीबद्दल कुटुंबाला दोष देऊन भागणार नाही. 'वेडा' हा शब्द आपल्या समाजात किती सहज फेकला जातो आणि एकदा चिकटला की निघत नाही, हे सर्वांना माहीत आहे. दाखला घेतला तर बँकेतली सही, घराचे कागद, मुलांचा ताबा सगळेच धोक्यात येईल, ही भीतीही खरी असते. तिच्यावर २०१७ च्या कायद्यात उत्तर आहे. मानसिक आजाराचे निदान झाले, एवढ्यावरून कोणी अस्थिर बुद्धीचा ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार फक्त सक्षम न्यायालयाला आहे. आपल्या वैद्यकीय नोंदी गोपनीय राहण्याचा आणि त्या स्वतः पाहण्या-मिळवण्याचा हक्कही रुग्णाला त्याच कायद्याने दिला आहे. ही गोष्ट प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाने पहिल्याच भेटीत घरच्यांना सांगायला हवी.

म्हणून अशा घरांना एकच कळकळीचे सांगणे आहे. घाईने राजीनामा देऊ नका. आधी रजा मागा. शिल्लक रजा संपली तर बिनपगारी मागा. दाखल्यावर खरे कारण येऊ द्या. त्यात आजाराच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे, या आजारामुळे माणूस काय करू शकत नाही ते. 'नैराश्य' या एका शब्दापेक्षा 'सलग अर्धा तास लक्ष टिकत नाही, रात्रपाळी झेपत नाही, औषधांमुळे सकाळी गुंगी राहते' ही तीन वाक्ये दाव्याच्या फाइलमध्ये अधिक वजनदार ठरतात. चिठ्ठ्या, तपासण्या, रुग्णालयाची पत्रे तारखेनुसार एका फाइलला लावा. हे काम रुग्णाच्याने होणार नाही. घरातल्या एकाने ते अंगावर घ्यावे. अमेरिकेत मुलगा किंवा सून नोकरीला असेल, तर तिथेही हाच नियम. शिवाय तिथे कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी सुटली, की देशात राहायला साठ दिवसांपेक्षा अधिक मुदत सहसा मिळत नाही. तेव्हा राजीनाम्याआधी विम्याचा कागद वाचणे तिथे अधिकच निकडीचे आहे.

मोजपट्टीतली खोट

सगळे कागद जमले, तरी एक परीक्षा उरते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी किमान ४० टक्के लागतात आणि मनाच्या आजाराचे टक्के मोजण्यासाठी आपल्याकडे 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती तयार केली, २००२ मध्ये सरकारने ती स्वीकारली आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतही ती कायम राहिली. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम अशी चार क्षेत्रे. प्रत्येकी शून्य ते चार गुण. त्यात आजाराच्या मुदतीचे गुण मिळवायचे. बेरीज सात झाली, की माणूस चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्यावर पोहोचतो.

आता एखाद्या लेखनिकाची कल्पना करा. तो रोज दाढी करतो, स्वच्छ कपडे घालतो, पाहुण्यांशी दोन शब्द नीट बोलतो. पण कामाच्या टेबलावर तो पंधरा मिनिटेही बसू शकत नाही. कामाच्या क्षेत्रात त्याला चारपैकी चार गुण मिळाले, माणसांशी संबंधात एक आणि आजार दोन वर्षांच्या आतला म्हणून मुदतीचा एक, तर बेरीज होते सहा. त्याची कमाई पूर्ण थांबली आहे, तरीही सरकारी मोजपट्टीवर तो चाळीस टक्केसुद्धा अपंग नाही. एका गुणाने त्याचा दाखला हुकला आणि दाखल्याबरोबर त्याच्या हक्कांचा बराचसा आधारही. ही मोजपट्टी तयार करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण रोजचे जगणे किती बिघडले आणि कमाई किती बुडाली, ही दोन वेगळी मापे आहेत. एकाने दुसरे मोजायला गेले की असे होते.

दुसरी अडचण 'कायमचे' या शब्दाची. मनाच्या आजाराला भरती-ओहोटी असते. चार महिने माणूस ठणठणीत, पुढचे दोन महिने अंधारात. आपल्या योजनांना 'काम करू शकतो' आणि 'कधीच करू शकत नाही' असे दोनच रकाने ठाऊक आहेत. मधल्या रकान्यात सापडलेल्या माणसाला ना पूर्ण पगार, ना पेन्शन. त्याला अर्धवेळ कामावर सावकाश परत येऊ देणे, काही महिने घरून काम देणे, पुन्हा आजारी पडल्यास त्याचा आधीचा लाभ नव्या अर्जाशिवाय सुरू करणे, अशी सोय झाली तर पुष्कळ जणांची नोकरी वाचेल. त्यात मालकाचाही फायदा आहे. अनुभवी माणूस घालवून नवा शिकवणे स्वस्त नसते.

काय व्हायला हवे?

मागण्या फार मोठ्या नाहीत. 'वैद्यकीय विमा' या शब्दांपाशी थांबलेली २०१७ च्या कायद्यातली समानता, अपंगत्वाच्या आणि उत्पन्नाच्या विम्यालाही लागू करावी. भारतात पगाराचा विमा उद्या रुजेल, तेव्हा अमेरिकेतले चोवीस महिन्यांचे कलम त्याच्याबरोबर नकळत आयात होऊ नये. ते आताच अडवलेले बरे. नोकरी व वेतनविषयक हक्कांसाठी अपंगत्व मोजताना कामाच्या क्षेत्राला वेगळे, अधिक वजन द्यावे. कामगार विम्याच्या दवाखान्यांत विस्तारित लाभाची यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावी. मनोविकारांची नावे त्यात ठसठशीत असावीत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतून रुग्ण घरी जाताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर या हक्कांचा एक पानी कागदही हाती दिला जावा. आणि सरकारी नोकराला मिळालेले विसाव्या कलमाचे संरक्षण निदान मोठ्या खासगी आस्थापनांपर्यंत पोहोचवावे. आज खासगी नोकरीतल्या माणसाचे भवितव्य बहुतांशी त्याच्या साहेबाच्या भलेपणावर अवलंबून आहे.

तत्त्व म्हणून हे सरकारला नवीन नाही. केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांनुसार, मानसिक विकारामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या सरकारी नोकराच्या मुलाला किंवा मुलीला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. मनाचा आजार कमाई हिरावून घेतो, हे सरकारी नियमपुस्तकाने मान्य केलेले आहे. फक्त बाप सरकारी नोकर असावा लागतो. हीच मान्यता कारखान्यातल्या फिटरला, मॉलमधल्या मुलीला, संगणकासमोर रात्रपाळी करणाऱ्या तरुणालाही मिळावी, एवढेच मागणे आहे.

तोवर प्रत्येक घराने एक करावे. कपाटाच्या तळाशी दडवलेली ती फाइल बाहेर काढावी, तारखेनुसार लावावी आणि जपून ठेवावी. आजाराची लाज वाटते म्हणून जो कागद आपण लपवतो, पुढे पगाराच्या जागी काही मिळालेच, तर ते त्याच कागदाच्या आधारावर मिळणार आहे.